खडूच्या रेघेबाहेरचा कप

सरांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते चहा न मिळाल्यामुळे.

मी शाळेत नवीन होते, तिसरा की चौथा दिवस. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळे रिकामे कप धरून बसले होते. किटली कुठे आहे म्हणून मी विचारलं, तेव्हा गणिताच्या बाईंनी वह्यांतून मान न काढता सांगितलं, "आठवी ब." एवढंच. मला वाटलं, आठवी बमध्ये काही समारंभ असेल.

वर गेले तर सुट्टीतही आठवी बचा चित्रकलेचा तास चालूच होता. टेबलावर निळी चादर, तिच्यावर आमची किटली, शेजारी एक कुलूप आणि अर्धा चिरलेला कांदा. तिन्ही वस्तूंभोवती खडूनं रेघ आखलेली. चाळीस मुलं माना खाली घालून बसलेली, आणि कोपऱ्यात सैल सदरा घातलेला, कोपरांना खडू लागलेला एक माणूस. मी सरळ किटली उचलली. चाळीस माना वर आल्या. तो माणूस रागावला नाही. म्हणाला, "न्या बाई. परत ठेवताना मात्र तोटी खिडकीकडे."

मी चहा झाल्यावर किटली आणून ठेवली, तोटी खिडकीकडे केली. त्यांनी ती जरा वेळ न्याहाळली.

"धुतलीत का?"

"हो, स्वच्छ घासली."

"बरं केलंत," ते म्हणाले आणि वर्गाकडे वळले. "मुलांनो, चहाचा ओघळ खोडून टाका. आता तो नाही."

चाळीस खोडरबर एकदम चालू लागले. त्या आवाजानं मला जितकं ओशाळं केलं, तितकं पुढे कुठल्या मुख्याध्यापकांनीही केलं नाही.

मुलं त्यांना किटलीसर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. फुलं, फळं, डोंगर, सूर्योदय यांच्या वाटेला ते जात नसत. "फळं सडतात, आणि घरात खाणारी माणसं आहेत," असं त्यांचं कारण. घरात असतं ते काढा, म्हणायचे. इस्त्री, गाळणं, दोऱ्याचं रीळ, वाकलेला चमचा. एखादी चुणचुणीत मुलगी विचारायची, "सर, पण याचा अर्थ काय?" तर ते म्हणायचे, "अर्थ येईल मागाहून. तू आधी कड नीट काढ." आणि कधी मूड असला तर पुढे सांगायचे, "वस्तू आपण होऊन कुठं बसत नाही. माणूस ठेवतो तिथं बसते. म्हणून वस्तू नीट बघितली की ठेवणारा कळतो." हे वाक्य मी त्यांच्याकडून निदान वीस वेळा ऐकलं असेल. पुढं ते मला फार जड गेलं.

त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं, त्यामुळे जाणं-येणं सुरू झालं ते आज चाळीस वर्षं चालू आहे. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, मागं झोपायची खोली. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळचं टेबल सरांचं. खिडकीच्या दुसऱ्या बाजूला शिवणयंत्र सरांच्या बायकोचं, वहिनींचं. वहिनी कपडे दुरुस्त करून द्यायच्या. विजारीची लांबी कमी करणं, चेन बदलणं, फाटकं रफू करणं. त्यांचा टाका शोधून सापडत नसे.

त्या घराला एक नियम होता. टेबलावर मांडलेल्या वस्तू काही वेगळ्या आणलेल्या नसत, रोजच्या वापरातल्याच असत. दिवसभर वहिनींनी त्या खुशाल वापरायच्या, पण चारच्या उन्हाला प्रत्येक वस्तू आपापल्या खडूच्या रेघेत परत यायला हवी, कारण सर शाळेतून येऊन तेवढा एक तास चित्र काढत.

"बाई, साखर हवी असेल तर थांबा थोडं," वहिनी मला म्हणायच्या. "चमचा ड्यूटीवर आहे."

"आणि गाळणं?"

"त्याची बदली झाली गेल्या आठवड्यात. आता बरणी आहे. या घरात माणूस पडलं तरी चालेल, बरणी हलली नाही पाहिजे."

सर आतून म्हणायचे, "ऐकतोय मी."

"ऐकण्यासाठीच बोलतेय, अहो."

पण वस्तू परत ठेवायची वेळ आली की वहिनी थट्टा करत नसत. त्यांचा एक कप होता, कान तुटलेला. दुसऱ्या कपातून त्यांना चहा गोड लागत नसे. तो विसळून, पुसून, दोन्ही हातांनी धरून त्या टेबलाकडे नेत आणि रेघेवर असा ठेवत की खडूचा कणही झाकला जात नसे आणि उघडाही राहत नसे. ठेवून झालं की दोन पावलं मागं येऊन बघत. शिवणाऱ्या बाईचं मोजमाप ते. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि सरांनाही, जरी त्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही.

वहिनींचं दुसरं एक होतं. स्वतःच्या ओट्याशिवाय त्यांना करमत नसे. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला लागली, तिथंच संसार थाटला. वहिनी एकदा तिच्याकडे महिनाभर म्हणून गेल्या आणि दहाव्या दिवशी परत आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पोरगी जीव टाकते हो. पण तिथं मी पाहुणी. पाहुणीला चहा मिळतो, करता येत नाही." आणि पुढे म्हणाल्या, "कुणाच्या हातचा आयता चहा पिण्याची वेळ आली, की समजायचं संपलं."

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या मनात वर्षानुवर्षं असलेली एक गोष्ट त्यांनी काढली. एकच मांडणी, एकच टेबल, महिन्याला एक चित्र, अशी बारा चित्रं. किटली, वहिनींचा कप, मिठाची बरणी, कात्री. बाकी काही नाही. वर्षाच्या शेवटी निवृत्त चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन होणार होतं, त्यात एक भिंत त्यांना मिळाली होती. आयुष्यात पहिल्यांदा एक पूर्ण भिंत.

चार महिने बरे गेले. मग कपाची कुरबुर सुरू झाली.

"अगं, कप रेघेवर नाही."

"ठेवलाय की."

"अर्धं बोट बाहेर आहे."

"तुमच्या टेबलाचा पाय हलतोय."

आधी हे हसण्यावारी जायचं. सातव्या-आठव्या महिन्यात जाईना. मी एका संध्याकाळी तिथं होते. कप चांगला दोन बोटं बाहेर होता. सर ब्रश खाली ठेवून म्हणाले, "इतकी वर्षं जमलं. आणि आता माझी भिंत आली तेव्हा जमत नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. थकलेला होता, त्यामुळे जास्त लागला. वहिनींनी पदराला हात पुसले. म्हणाल्या, "उद्यापासून तुमच्या त्या कपात मी चहा पिणार नाही." दुसऱ्या दिवशी त्यातच प्यायल्या आणि कप पुन्हा रेघेबाहेर ठेवला.

कुरबुर सुरू झाली तेव्हाच सरांनी हट्ट धरला होता. कप सरकवून रेघेवर आणायचा नाही. "ती ठेवेल तिथं काढतो," ते मला म्हणाले. "काढतो जसं आहे तसं. बघू किती दिवस रुसते." त्यांना तो रुसवा वाटत होता. मलाही वाटत होता, हे इथं कबूल केलं पाहिजे. त्याच सुमारास वहिनींनी शिवणकाम बंद केलं. कंटाळा आला म्हणाल्या. एका गिऱ्हाइकानं उसवलेली विजार परत आणून दिली होती, तीही मी पाहिली होती. स्वयंपाकघरात त्यांनी मोठा दिवा लावून घेतला. हे सगळं मी पाहिलं आणि एकाला एक जोडलं नाही. बेरीज शिकवणं माझं काम नव्हतं, मी भाषा शिकवायचे, अशी मी मनाची समजूत घालते.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरलं. सरांची बारा चित्रं एका ओळीत लागली. कलाविद्यालयातल्या एक तरुण प्राध्यापिका आल्या होत्या, हुशार आणि मनानं चांगल्या. त्या लोकांना समजावून सांगत होत्या. म्हणाल्या, जुन्या चित्रांत फळांचा ढीग असायचा, श्रीमंती दाखवायला. आताच्या चित्रकाराला भांडी, बाटल्या, चमचे पुरतात, कारण खोलीतली माणसं बोलत नाहीत ते या वस्तू बोलतात. रिकामी खुर्ची, उपडा पेला, अर्धवट उघडं कपाट. मग त्या सरांच्या भिंतीकडे वळल्या.

"हा कप बघा. पहिल्या चित्रात तो किटलीच्या सावलीत आहे, अगदी खेटून. सहाव्यात सावली सोडतो. नवव्यात टेबलाच्या काठाशी आलाय. बाकी काहीच हललेलं नाही. मला तर असं वाटतं, या घरातून कुणीतरी हळूहळू निघून चाललंय."

सर शाळातपासणीच्या दिवशी उभे राहायचे तसे उभे होते. "मी समोर होतं ते काढलं फक्त," ते पुटपुटले.

वहिनी माझ्याजवळ, नवव्या चित्रासमोर उभ्या होत्या. हात लांब केला तर चित्राला लागेल इतक्या जवळ. त्यांनी हळूच मला विचारलं, "बाई, कप कुठाय यात?"

मला वाटलं टोमणा आहे. म्हटलं, "हा काय, उजवीकडे."

त्यांनी नुसते डोळे वळवले नाहीत. आख्खी मान वळवली, कुणी मागून हाक मारल्यावर वळवतात तशी. मग म्हणाल्या, "हं. आहे."

मी तेवढ्यावर सोडलं असतं. पण सरांनी ऐकलं होतं. ते येऊन त्यांच्या मागं उभे राहिले.

"अगं, किटली दिसते?"

"दिसते की."

"कात्री?"

कात्री चित्राच्या डाव्या कोपऱ्यात होती. वहिनी शोधत राहिल्या. बराच वेळ गेला. मग खाली बघून म्हणाल्या, "लोक बघतायत, अहो. घरी बोलू."

काचबिंदू निघाला. नजर कडांकडून आत आकसत जाते आणि दुखत काही नाही, त्यामुळे माणूस मान वळवून, चाचपून वेळ मारून नेतो. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून. वहिनी म्हणाल्या, "असेल महिनाभर." सर म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बारा चित्रं जमिनीवर ओळीनं मांडली. सर गुडघ्यांवर बसून, फूटपट्टी लावून, प्रत्येक चित्रात खडूच्या रेघेपासून कपापर्यंतचं अंतर मोजत होते. मी आकडे लिहून घेत होते. पहिले चार महिने शून्य. पाचव्यात थोडं. मग दर महिन्याला वाढत गेलेलं. तो कागद त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि म्हणाले, रुग्णाची अशी माहिती मला आजवर कुणी आणून दिली नव्हती. पाचव्या महिन्यात आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. आता थेंब घालायचे, उरलंय ते टिकवायचं. गेलेली नजर परत येत नाही.

सरांनी मला हे बसथांब्यावर सांगितलं. मुलांना पेन्सिलीला टोक करायला सांगायचे त्याच आवाजात. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "बाई, मला अर्धं बोट दिसलं होतं." बस आली आणि ते तिच्यात चढायचे राहिले. आम्ही पुढची धरली.

मुलीला कळवलं. ती फोनवर रडली आणि लगेच कामाला लागली, तशीच आहे ती, माझ्याच वर्गात होती. "आईला मी घेऊन जाते. दोन महिन्यांनी सुट्टी मिळतेय, तेव्हा येते. बाबांना एकट्यानं झेपणार नाही."

वहिनी म्हणाल्या, "आणि मी येत नाही म्हटलं तर?"

"तर मग मला दाखव, तुझं तुला जमतं. मी चार दिवस नुसती बसून बघेन. जमलं तर मी गप्प."

"नुसती बसायचं हं. भांडं उचलायचं नाही."

"नाही उचलत."

असे दोन महिने हातात होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा खिडकीजवळचं टेबल मोकळं होतं. किटली, कप, बरणी, कात्री, सगळं आत गेलं होतं. वहिनींच्या शिवणाच्या पेटीत उशीच्या अभ्र्यांच्या कडेला घालतात ती जाड गोल दोरी होती. सर ओट्यावर प्रत्येक वस्तूभोवती ती दोरी डिंकानं चिकटवत होते. खडूची रेघ डोळ्यांना लागते, ही बोटांना लागली असती. वहिनी डोळे मिटून उभ्या होत्या आणि हातानं तपासत होत्या.

"मीठ इथं नको."

"इथं बरं दिसतं. किटलीच्या उंचीशी—"

"चित्रात बरं दिसेल. मला हाताशी हवं. किटलीवरून हात नेला तर भाजेल."

सरांनी दोरी सोडवली. साखर पुढं आली, तिखटाचा डबा मागं गेला, काड्यापेटी एका बाजूला एकटी. सर डोळ्यांना पटेल असं मांडायचे, वहिनी ते हाताला पटेल असं मोडायच्या. तीन आठवडे हे चाललं. शेवटी अकरा वस्तू आणि अकरा गोल झाले, आणि मांडणी त्यांच्या कुठल्याही चित्रापेक्षा वेगळी झाली.

पण दोरी चिकटवून काम संपत नव्हतं. डिंक ओला झाला की सुटायचा. किटली एकदा तोटी उलटी करून ठेवली गेली तर पुढच्या वेळी हात तोटीवर पडणार. म्हणून सर प्रत्येक वापरानंतर ओटा बघायचे. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. बसले की उठायचे. दिवसातून दोनदा थेंब, घड्याळ लावून. मी त्यांना उभ्या उभ्या भिंतीला टेकून डुलकी घेताना पाहिलं आहे.

त्यात मी भर घातली. एकदा वहिनींना मदत म्हणून चहा मी गाळला आणि गरम किटली दोरीच्या बाहेर, साखरेशेजारी ठेवली. आयुष्यभराची सवय, जागा दिसली तिथं ठेवली. वहिनींचा हात साखरेला गेला तो किटलीवर. बोटं पोळली. सरांनी त्यांचा हात नळाखाली धरला, बराच वेळ धरून ठेवला. निघताना दारात सर म्हणाले, "बाई, परत ठेवताना तोटी भिंतीकडे. दोरीच्या आत." रागावले असते तर बरं झालं असतं.

मुलगी आली. बोलल्याप्रमाणे स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसली. वहिनींनी चहा ठेवला. त्यांची बोटं एकेका गोलावरून चालत गेली. काड्यापेटी, साखर, झाकण. कपात चहा ओतताना त्यांनी एक बोट काठाच्या आत अडकवलं होतं, चहा बोटाला लागला की थांबायचं.

"आई, भाजत नाही का?"

"लागतं की. लागतं म्हणून कळतं. तो चमचा दे, नाही, राहू दे, ड्यूटीवर आहे तो. डाव्या हाताला." आणि त्यांनी तो बरोबर उचलला. सर दाराशी उभे होते. चमचा परत गोलात गेला तेव्हा त्यांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

चार दिवस मुलीनं भांडं उचललं नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी गेले तर ती बाहेरच्या खोलीत वडिलांकडे बघत बसली होती. सर मोकळ्या टेबलावर डोकं ठेवून झोपले होते, हातात डिंकाची बाटली, झाकण उघडं. तिनं ती सोडवून घेतली, झाकण लावलं.

मला पोचवायला गल्लीच्या टोकापर्यंत आली. म्हणाली, "बाई, आई जमवते आहे. माझं म्हणणं मी मागं घेतलं. पण बाबांचं काय?"

दुसऱ्या दिवशी ती आईला न घेता एकटीच आपल्या शहरात परत गेली. आता दर तीन महिन्यांनी चार दिवस येते आणि त्या चार दिवसांत सर झोपतात.

मध्यंतरी त्या प्राध्यापिकांचं पत्र आलं. मोठं दालन देऊ म्हणत होत्या, त्याच वस्तूंची आणखी बारा चित्रं हवी होती. सरांनी उत्तर लिहिलं आणि शुद्धलेखन तपासायला मला दिलं. दोनच वाक्यं होती. "वस्तू सध्या वापरात आहेत. रिकाम्या झाल्या की कळवीन."

मी दुसरं वाक्य दोनदा वाचलं आणि म्हटलं, शुद्धलेखनाची चूक नाही. त्यांनी कागद परत घेतला, वाचला, आणि ते वाक्य स्वतःच खोडलं.

सर आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. चित्र काढत नाहीत. सकाळी साडेसहाला उठतात, ओट्यावरच्या अकरा दोऱ्या ओल्या फडक्यानं पुसतात, सुटली असेल ती चिकटवतात, तोटी भिंतीकडे आहे ना ते बघतात, आणि मग वहिनींना चहा करायला हाक मारतात.